स्लरीची घनता म्हणजे सरासरी नव्हे

स्लरी म्हणजे पाणी आणि खनिजपूड यांचं वाहतं मिश्रण. तिची घनता काढताना असा हिशोब होतो: ‘वजनाने निम्मी खनिजपूड, निम्मं पाणी; म्हणून घनता (किलो प्रति लिटर) पुडीची २.७ आणि पाण्याची १ यांची सरासरी, १.८५.’ हिशोब सरळ वाटतो, पण इथे वजनं नव्हे, आकारमानं बघायची. १ किलो पूड ०.३७ लिटर जागा घेते, १ किलो पाणी १ लिटर. २ किलो भागिले १.३७ लिटर, म्हणजे १.४६.

फरक किरकोळ नाही. तासाला १०० घनमीटर प्रवाहात खरी पूड ७३ टन; चुकीच्या घनतेने ९२.५ टन निघते.

पडताळा सोपा: १ लिटरचं माप रिकामं तोला, स्लरीच्या पडत्या धारेच्या पूर्ण रुंदीतून काठोकाठ भरा, बाहेरून पुसून लगेच तोला. फेस राहिला तर वजन कमी भरतं. माप ओसंडू दिलं तर जड कण तळाशी साचतात आणि आकडा फुगतो.