इन्स्टॉलेशन चालू असताना फिरणारी रेघ : ती कशी चालते, कुठे फसवते
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट सुरू केली की टर्मिनलवर एकच ओळ दिसत राहते. डावीकडे फिरणारी रेघ, मग चालू कामाचे नाव, मग गेलेला वेळ आणि शेवटी लॉगमधली (म्हणजे कामाची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधली) ताजी ओळ. स्क्रिप्ट नुसती चालवणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद आणि शेवटचा भाग वाचला तरी पुरे. स्क्रिप्ट स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलणाऱ्यांनी मात्र सगळे वाचावे. कमांड जशाच्या तशा स्क्रिप्टच्या फाइलमध्ये टिपांसह दिल्या आहेत. त्या तशाच का लिहिल्या, ते इथे सांगितले आहे.

रेघ फिरते आहे म्हणजे इन्स्टॉलेशन पुढे सरकते आहे, असे समजू नका. रेघ फिरवणारा कोड वेगळा आणि पॅकेज बसवणारा प्रोग्राम वेगळा. दुसरा अडकून पडला तरी पहिला खुशाल फिरत राहतो. म्हणून लक्ष ठेवायचे ते रेघेवर नाही, तिच्या उजवीकडच्या लॉगच्या ओळीवर. ती ओळ दोन मिनिटे बदलली नाही, तर आमची स्क्रिप्ट तिथे ‘लॉगमध्ये नवीन काही नाही’ असे दाखवते. मोठी फाइल उतरत असेल किंवा एखादा घटक कंपाइल होत असेल तर दोन मिनिटांची शांतता नेहमीची आहे. दहा मिनिटे झाली तरी हालचाल नसेल, तर दुसरे टर्मिनल उघडून लॉग पाहा.

रेघ फिरते कशी

चार चिन्हे आळीपाळीने एकाच जागी छापली जातात : उभी रेघ, उजवीकडे झुकलेली, आडवी, डावीकडे झुकलेली. म्हणजेच | / - \ ही. प्रत्येक चिन्हानंतर ०.१ सेकंद थांबायचे, त्यामुळे ०.४ सेकंदात एक फेरी होते. याहून वेग वाढवला तर डोळ्याला त्रास होतो आणि दूरच्या सर्व्हरवर ओळ थरथरते. अर्ध्या सेकंदाहून सावकाश फिरवली तर बघणाऱ्याला काम अडल्यासारखे वाटते.

त्याच जागी पुन्हा छापण्यासाठी ओळीच्या सुरुवातीला परत जावे लागते. ते काम कॅरेज रिटर्न करतो, आस्कीतला १३ क्रमांकाचा वर्ण. नवीन ओळ देणारा लाइन फीड १० क्रमांकाचा. या दोघांत गल्लत झाली की रेघ फिरत नाही, हजारो रेघा एकीखाली एक उतरत जातात.

इथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली : चौथे चिन्ह, म्हणजे उलटी तिरकी रेघ, प्रिंटएफ या छापणाऱ्या कमांडच्या फॉरमॅटमध्येच (छपाईच्या साच्यातच) टाकणे. प्रिंटएफला ती विशेष खूण वाटते आणि पुढचा मजकूर बिघडतो. पॅकेजच्या नावात किंवा संदेशात टक्क्याचे चिन्ह आले तरी हेच होते. फॉरमॅट वेगळा ठेवा आणि मजकूर त्याला बाहेरून द्या.

दुसरी : जुनी ओळ न पुसणे. आधीचा संदेश लांब आणि नवा आखूड असेल तर जुन्याचे शेपूट मागे उरते. ते झाकायला मोजून रिकाम्या जागा छापणे देवनागरीत तर मुळीच चालत नाही. ‘कि’ हे मोजणीत दोन वर्ण असले तरी पडद्यावर किती घरे घेईल हे त्या टर्मिनलवर आणि फॉन्टवर ठरते. ओळीच्या शेवटापर्यंत पुसण्याचा एस्केप कोड (टर्मिनलला आज्ञा देणारा चिन्हांचा गट) वापरा. त्याला रुंदी मोजावी लागत नाही.

तिसरी : टर्मिनलच्या रुंदीहून लांब ओळ. ओळ दुसऱ्या रांगेत गेली की कॅरेज रिटर्न फक्त त्या दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीला नेतो. पहिली रांग तशीच राहते आणि दर ०.१ सेकंदाला आणखी एक रांग वाढते. लॉगमधली ओळ दाखवताना हे हमखास घडते, कारण तिथे फाइलचे लांबलचक पत्ते असतात. आम्ही रुंदी विचारून घेतो आणि ओळ तिच्याहून बरीच आधी कापतो. विंडो मधेच लहान केली जाऊ शकते, म्हणून रुंदी प्रत्येक फेरीत नव्याने विचारलेली बरी.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा, म्हणजे ती वाचून चालवणाऱ्या शेलचा, उल्लेख आहे, तो काढू नका. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवर साधा ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल असतो (उबुंटूत २००६ पासून). मजकुरातून एकेक चिन्ह काढण्याची बॅशची पद्धत डॅशला कळत नाही आणि स्क्रिप्ट ‘बॅड सब्स्टिट्यूशन’ म्हणून थांबते. स्क्रिप्ट चालवतानाही नावापुढे ‘एसएच’ लिहू नका.

पार्श्वभूमीत कोणाला पाठवायचे

रेघ आणि इन्स्टॉलेशन एकाच वेळी चालायचे, तर एकाला पार्श्वभूमीत जावे लागते. कोणाला पाठवायचे यावर पुढचे सगळे अवलंबून आहे, आणि घरी लिहिलेल्या बहुतेक स्क्रिप्ट इथेच चुकतात.

इन्स्टॉलेशन मागे पाठवून रेघ पुढे ठेवली, तर कोड सोपा होतो. मागे गेलेल्या प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक डॉलर-उद्गारचिन्ह या जोडीतून मिळतो. तो जिवंत आहे का हे ‘किल’ला (प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या कमांडला) शून्य क्रमांकाचा सिग्नल देऊन तपासत राहायचे, हा सिग्नल काहीही मारत नाही, फक्त विचारतो. प्रोसेस संपली की ‘वेट’ने तिचा एक्झिट कोड (काम कसे संपले ते सांगणारा आकडा) घ्यायचा. यातला धोका कंट्रोल-सी दाबल्यावर कळतो. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल (पुढची-मागची कामे सांभाळण्याची शेलची सोय) बंद असतो आणि अशा वेळी बॅश पार्श्वभूमीतल्या कमांडना कंट्रोल-सीचा सिग्नल दुर्लक्षित करायला लावते. रेघ थांबते, प्रॉम्प्ट परत येतो, वापरणाऱ्याला वाटते सगळे थांबले. आणि मागे पॅकेज बसतच असते. मग तो स्क्रिप्ट पुन्हा चालवतो आणि ‘लॉक मिळत नाही’ या चुकीवर आपटतो.

उलट मांडणीत इन्स्टॉलेशन पुढे आणि रेघ मागे. कंट्रोल-सी आता योग्य जागी पोचतो, एक्झिट कोडही सरळ मिळतो. पण मागे राहिलेली रेघ तोच सिग्नल दुर्लक्षित करते आणि स्क्रिप्ट संपल्यावरही प्रॉम्प्टवर फिरत बसते. म्हणून ‘ट्रॅप’मध्ये (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) एक्झिटच्या वेळी रेघेची प्रोसेस मारणे सक्तीचे आहे. आम्ही हीच मांडणी वापरतो. रेघ मधेच मारली गेली तर काही बिघडत नाही. डीपीकेजी (डेबियन घराण्यातला पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मधेच मारला गेला तर पॅकेज अर्धवट बसते आणि नंतर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन ते काम पुरे करावे लागते.

त्याच ट्रॅपमध्ये कर्सर परत दाखवण्याची कमांड हवी. रेघ फिरताना कर्सर लपवलेला असतो आणि स्क्रिप्ट अचानक तुटली तर तो लपलेलाच राहतो. टाइप केलेले दिसते, पण कर्सर दिसत नाही. नऊ क्रमांकाच्या सिग्नलने मारलेल्या स्क्रिप्टचा ट्रॅप चालतच नाही, तेव्हा हे होणारच; ‘रीसेट’ ही कमांड दिली की टर्मिनल मूळ अवस्थेत येते.

सुडो आणि अडकलेले प्रश्न

सुडोचा (रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड रेघ सुरू होण्याआधीच मागून घ्या. सुडो प्रश्न थेट टर्मिनलवर विचारतो आणि पुढच्या ०.१ सेकंदात रेघ त्यावरून फिरून जाते. वापरणाऱ्याला प्रश्न दिसत नाही, सुडो उत्तराची वाट पाहतो, रेघ आनंदाने फिरते. ‘इन्स्टॉलेशन तासभर अडकले’ अशा तक्रारीत आधी हीच शक्यता तपासावी. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सुडो ‘व्ही’ या पर्यायासह चालवला की पासवर्ड आधीच विचारला जातो. ती परवानगी ठरावीक मुदतीपुरतीच टिकते, म्हणून लांबणाऱ्या कामासाठी सगळी स्क्रिप्टच सुडोने चालवणे आम्हाला जास्त भरवशाचे वाटते.

आणखी एक कारण आहे. सुडोने सुरू झालेली प्रोसेस रूटच्या मालकीची असते. साध्या वापरकर्त्याने तिला शून्य सिग्नल दिला तर ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते आणि तपासणी अयशस्वी ठरते. स्क्रिप्ट समजते की काम संपले. रेघ पहिल्याच फेरीत नाहीशी होते ती यामुळे.

पॅकेज स्वतःही प्रश्न विचारतात. डेबियन घराण्यात ‘डेबियन फ्रंटएंड’ हा चल ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’ ठेवावा लागतो, आणि तो सुडोच्या आधी नाही, सुडोच्या नंतर लिहावा. आधी लिहिला तर सुडो बहुधा तो गाळून टाकतो. एवढे करूनही बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइलबद्दलचा प्रश्न उरतो, कारण तो डीपीकेजी विचारतो. जुनी फाइल ठेवायची की नवी, हे डीपीकेजीच्या पर्यायांतच आधी सांगून ठेवा. आणि स्क्रिप्टमध्ये पॅकेज उतरवून बसवायला ‘ॲप्ट’ऐवजी ‘ॲप्ट-गेट’ लिहा. ‘ॲप्ट’ स्वतःच इशारा देतो की त्याचे आउटपुट स्क्रिप्टसाठी स्थिर ठेवलेले नाही.

टक्केवारी कधी दाखवावी

एका सेकंदात संपणाऱ्या कामाला काहीच दाखवू नका. काही सेकंदांच्या कामाला रेघ पुरते. त्याहून लांबणाऱ्या कामात माणसाला ‘किती उरले’ हे हवे असते, पण आकडा खरा असेल तरच द्यावा. घड्याळाकडे बघून ९९ पर्यंत नेलेला आणि तिथे थिजलेला आकडा रेघेहून वाईट, कारण तो एकदा खोटा ठरला की पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास जातो.

नुसती पायऱ्यांची मोजणी कशी फसवते ते पाहा. समजा, पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना १०, ६०, १००, २० आणि १० सेकंद लागतात, एकूण २००. प्रत्येक पायरीला २० टक्के दिले तर दोन पायऱ्या झाल्यावर आकडा ४० वर जातो आणि तिथे तब्बल १०० सेकंद उभा राहतो. वेळेच्या वजनाने मोजले तर तोच प्रवास ५, ३५, ८५, ९५, १०० असा होतो. तरीही ३५ ते ८५ या टप्प्यात आतली प्रगती कळायला हवी. त्यासाठी ॲप्टची ‘स्टेटस-एफडी’ ही सोय आहे : एक वेगळा फाइल डिस्क्रिप्टर (लिहिण्याच्या वाटेचा क्रमांक) दिला की ॲप्ट त्यावर कोलनने तोडलेल्या ओळी लिहितो, पॅकेजचे नाव, टक्के आणि चालू क्रिया. डाउनलोड आणि इन्स्टॉल यांच्या ओळी वेगळ्या खुणेने सुरू होतात. दोन्हींचे टक्के एकात मिसळले तर आकडा शंभरवरून पुन्हा शून्यावर येतो.

लॉगबद्दल एक गोष्ट. आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलकडे वळवले की बरेच प्रोग्राम ते ओळीओळीने न लिहिता मोठ्या ठोकळ्यांत लिहितात. त्यामुळे काम चालू असूनही लॉग थांबल्यासारखा दिसतो. ‘एसटीडी-बफ’ने ओळीगणिक लिहायला सांगता येते, मात्र स्वतःचे बफर स्वतः सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर त्याचा परिणाम होत नाही.

एक्झिट कोड हातातून निसटतो तेव्हा

रेघ गेली आणि हिरवी खूण आली, पण पॅकेज बसलेच नाही, हा सगळ्यात महागात पडणारा बिघाड. इन्स्टॉलेशनचे आउटपुट पाइपने ‘टी’कडे (ते पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) दिले तर मिळणारा कोड ‘टी’चा असतो, आणि ‘टी’ जवळजवळ नेहमीच यशस्वी होते. ‘पाइपफेल’ चालू ठेवा, म्हणजे पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी कळते. स्क्रिप्टमध्ये ‘सेट ई’ असेल तर उलटे घडते : इन्स्टॉलेशन फसल्याक्षणी स्क्रिप्ट संपते आणि काय फसले हे सांगणारी ओळ छापलीच जात नाही. कोड चलात पकडण्याचे काम त्याच कमांडच्या ‘किंवा’ (||) भागात करावे.

विंडोजवर ०खेरीज ३०१० हाही यशाचाच कोड आहे. फक्त रीस्टार्ट बाकी असते. १६१८ म्हणजे दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे, थोडे थांबून पुन्हा करावे. १६०३ म्हणजे गंभीर चूक, इथे तपशीलवार लॉगशिवाय काही कळत नाही. पॉवरशेलमध्ये ‘स्टार्ट-प्रोसेस’ला ‘वेट’ दिले तर ती ओळ संपेपर्यंत आपला प्रोग्रेस बार हलत नाही. ‘पासथ्रू’ने प्रोसेस हातात घेऊन लूपमध्ये तपासावी लागते. त्या प्रोसेसचे ‘हँडल’ सुरुवातीलाच एकदा वाचून ठेवा, नाहीतर शेवटी एक्झिट कोड रिकामा येऊ शकतो. काही सेटअप प्रोग्राम खरे काम दुसऱ्या प्रोसेसवर सोपवून लगेच संपतात. त्यांच्यासाठी ‘वेट’च वापरा, कारण ते उपप्रोसेससाठीही थांबते. पॉवरशेल ५.१ मध्ये फाइल उतरवताना त्याचा स्वतःचा प्रोग्रेस बार डाउनलोड कमालीचे मंद करतो. ‘प्रोग्रेस प्रेफरन्स’ शांत ठेवला की वेगातला फरक लगेच दिसतो.

रेघ नको असेल तेव्हा

आउटपुट टर्मिनलवर जात नसेल, म्हणजे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) किंवा फाइलकडे वळवून चालवले असेल, तर आमची स्क्रिप्ट रेघ दाखवत नाही. प्रत्येक पायरीला सुरू आणि पूर्ण अशा दोन साध्या ओळी छापते. ही तपासणी काढली तर दहा मिनिटांच्या कामात लॉगमध्ये सहा हजार रेघा जमतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी ‘साधे आउटपुट’ हा पर्याय जरूर निवडावा, कारण दर बदलाला रीडर ती ओळ पुन्हा वाचू लागतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करत असाल तर स्क्रिप्ट टीमक्समध्ये चालवा. जोडणी तुटली तरी इन्स्टॉलेशन चालू राहते.

अडकल्यास काय कळवावे

लॉगच्या शेवटच्या ५० ओळी, रेघेशेजारी दिसणारे कामाचे नाव, गेलेला वेळ, एक्झिट कोड छापला असेल तर तो, आणि स्क्रिप्ट थेट चालवली की सुडोने. १३० म्हणजे कंट्रोल-सी दाबले गेले, १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १३७ म्हणजे प्रोसेस बळाने मारली गेली. यात मेमरी संपल्याची शक्यता आधी तपासा. लॉगमध्ये डीपीकेजीचे लॉक मिळत नसल्याची ओळ असेल तर लॉकची फाइल हाताने पुसू नका. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतात. ते संपू द्या आणि मग स्क्रिप्ट पुन्हा चालवा. पूर्ण झालेल्या पायऱ्या ती ओलांडून जाते.