लेंट, निष्ठा आणि दाखला

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, सुरू झाला की नाशिकच्या मंडळ्यांत घरोघरी प्रार्थनासभा लागतात, कॅथलिक देवळांत शुक्रवारी क्रूसाची वाट होते आणि उपदेशात, येशूला मी ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राचा नकार हमखास येतो. घरात मात्र चर्चा ताटाची असते: मटण सोडायचं की चहा. या चाळीस दिवसांच्या मुळाशी निष्ठेचं जे भांडण आहे, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राटाने फर्मान काढलं की प्रजेने देवांना बळी वाहावा आणि तसा लेखी दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेही आहेत. काही ख्रिस्ती जिवाला मुकले, काहींनी बळी वाहिला, आणि काहींनी बळी न वाहताच पैसे चारून कागद मिळवला. छळ ओसरल्यावर या ढळलेल्यांना परत घ्यायचं का, यावरून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजसह ठिकठिकाणची मंडळी फुटली. अखेर प्रायश्चित्ताची वाट ठेवून दार उघडलं गेलं. चौथ्या शतकात चाळीस दिवसांचा काळ रूढ झाला, तेव्हा ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी आणि ढळलेल्यांचं प्रायश्चित्त अशी दोन्ही कामं त्यात आली. लेंटच्या सुरुवातीला कपाळावर लावतात ती राख आधी या ढळलेल्यांची होती. सगळ्यांना लागली ती पुष्कळ नंतर.

नाशिकला लेंट आला तो एकोणिसाव्या शतकात, शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या इंग्रज मिशनच्या प्रार्थनापुस्तकातून. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची परंपरा लेंट न पाळणाऱ्यांची होती. १९७० मध्ये उत्तर भारतातली चर्चेस एक झाली आणि दोन्ही रीती एका छत्राखाली आल्या.

एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्म्याची किंमत घरात मोजावी लागे. धर्मांतरिताचा वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्ये झाला होता, पण विहीर, पंगत आणि सोयरीक कायद्याच्या हातात नव्हती. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीचा, लक्ष्मीबाई टिळकांचा, नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या ताटातुटीची हकिगत तिच्याच आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर किंमत मोजायची जागा बदलली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांपैकी पंजाबकडच्या मोजक्या जातींनाच त्यात जागा होती. १९५६ मध्ये सर्व दलित शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. बाबासाहेब आंबेडकरांची धर्मांतराची येवल्याची घोषणा १९३५ ची, म्हणजे याच जिल्ह्यातली. तेव्हा इथे एकाच भावकीत एक घर बौद्ध आणि एक ख्रिस्ती असणं नवलाचं नाही. जात एकच, गावाने दिलेली वागणूकही एकच, पण दाखला एकालाच.

आदेशाच्या बाजूचं म्हणणं असं की अस्पृश्यता हिंदू समाजरचनेतली, आणि ख्रिस्ती धर्म जात मानत नाही. दुसऱ्या वाक्यापुढे चर्चचीच बोलती बंद होते. ‘आमच्यातही जात आहे’ असं म्हटलं तर वेदीवरून शिकवलं त्याचं काय? नाही म्हटलं तर सवलतीचा दावा कसला? हा पेच खरा आहे. तरी बौद्ध धर्मही जात मानत नाही, आणि तिथे हा युक्तिवाद १९९० मध्ये आड आला नाही, हे विसरून कसं चालेल? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांचा अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माने जात नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांना दोन नियम.

२००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने तिसरा परिच्छेद काढायची शिफारस केली. ती तशीच राहिली. २०२२ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. श्रद्धा एक आणि कागदावर दुसरीच, हा आरक्षणासाठीचा बनाव ठरतो, असं मत न्यायालयाने नोंदवलं.

कार्थेजमधल्या मंडळीसमोर असलेल्या प्रश्नाशी याची तुलना करायचा मोह होतो. पण तिथे श्रद्धा नाकारायला लावणारं फर्मान होतं. इथे नकार कुणी मागत नाही, फक्त कबुलीनंतर दर्जा जातो. पुदुच्चेरीच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली ती बाप्तिस्म्याची नोंद. ईस्टरच्या पहाटे नवा विश्वासू पाण्यातून बाहेर येतो तेव्हा पाळक किंवा फादर ज्या वहीत त्याचं नाव लिहितात, ती वही आता कचेरीतही उघडली जाऊ शकते. देवळात नियमाने येणारा, लेंट पाळणारा, पण बाप्तिस्मा मुलाच्या नोकरीनंतर बघू म्हणणारा माणूस या हिशेबातून घडतो. त्याला ढळलेला म्हणायचं की तयारीतला, यावर चर्चने एकवार तोंड उघडून बोलायला हवं.