बिडाच्या तीन प्लेटा आणि घरातलं वर्कशॉप

घरच्या घरी छोटं वाफेचं इंजिन बनवायची हौस लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेथ मशीन (धातू फिरवत कातायचं यंत्र) कुठलं घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. लेथ सध्या राहू द्या. एक भक्कम वाईस (काम घट्ट धरायची पकड), दोन-तीन कानशी, हॅकसॉ आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हाताएवढे तीन चौकोनी तुकडे आणा. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-तुर्भे या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला असे तुकडे भंगारात वजनावर मिळू शकतात.

स्वतःच्या हिमतीवर शिकणाऱ्याची खरी अडचण यंत्राची नसतेच. शेजारी उस्ताद उभा नसताना आपलं काम बरोबर झालं की नाही, हे कळायचं कसं? सुदैवाने भूमितीत अशा कसोट्या आहेत, ज्यात काम स्वतःच आपली खोट दाखवतं.

साधा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, घ्या. कड सरळ असलेल्या पत्र्याला तो टेकवून स्क्रायबरने (धातूवर ओरखडायच्या टोकदार सुईने) रेघ ओढा. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर बसल्या तर कोन नव्वद अंशांचा. फाकल्या तर मधलं अंतर चुकीच्या दुप्पट असतं: 100 मिमी उंचीवर 0.2 मिमी फाकल्या, तर गुण्यात 0.1 मिमीची खोट आहे. हे पाहायला दुसरा, जास्त महागाचा गुण्या लागत नाही.

बिडाचे तीन तुकडे याच जातीच्या, पण फार खोल कसोटीसाठी आहेत. दोन प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे सपाट झाल्या, असं आपण धरून चालतो. पण एकीला फुगवटा आणि दुसरीला तेवढाच खोलगटपणा असला तरीही त्या बसतात. तिसरी आली की हे लपत नाही. पहिली फुगीर असेल, तर तिच्यावर बसवलेली दुसरी आणि तिसरी दोघी खोलगट होणार. मग त्या दोघींना समोरासमोर आणा: फक्त कडा टेकतील, मध्ये पोकळी राहील. कुठलीही जोडी घेतली तरी बसायचं, तर तिघींना सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. पीळ ही एक पळवाट उरते. ती बंद करायला एक प्लेट दुसरीवर नव्वद अंशांत फिरवूनही पाहायची.

हात कसा चालतो ते सांगतो. एका प्लेटवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचा, दुसरी तिच्यावर हलकेच सरकवून उचलायची. उंचवट्यांवर निळे डाग उमटतात. तेवढेच डाग स्क्रेपरने खरवडायचे. एका फटकाऱ्यात धातूचे काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) निघतात. पुन्हा निळं, पुन्हा जोडी, पुन्हा खरवड. सुरुवातीला तीन-चारच मोठे डाग असतात, तेही एका कोपऱ्यात दाटलेले. काम पुढे जाईल तसे ते बारीक होत पसरतात आणि 25 मिमीच्या चौकोनात वीसेक ठिपके दिसू लागले की प्लेट कामाची झाली. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगोच्या विज्ञानसभेत या पद्धतीवर निबंध वाचला. प्लेटा एकमेकींवर घासण्यापेक्षा खरवडणं चांगलं, हा त्यांचा आग्रह होता, कारण घासताना मध्ये टाकलेली घासायची पूड कुठे किती धातू खाईल यावर ताबा राहत नाही. आधीची कुठलीही सपाट वस्तू हाताशी न घेता सपाटी तयार होते, याचं मला अजूनही नवल वाटतं. (पावसाळ्यात मात्र रोज काम संपलं की तेलाचा हात फिरवा. खाडीकडची दमट हवा बिडाला रात्रीत तांबूस करते.)

स्क्रेपर जुन्या चपट्या कानशीचा होतो. दाते ग्राइंडरवर काढताना ती तापू द्यायची नाही, नाहीतर पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. बाकीची छोटी हत्यारं सिल्व्हर स्टील या हत्यारी पोलादाच्या सळीतून बनवावीत. त्यात सुमारे 1 टक्का कार्बन असतो. ब्लोलॅम्पवर सळी लाल होत जाते आणि एका टप्प्यावर लोहचुंबक तिला चिकटेनासं होतं. लोखंडाचं चुंबकत्व 770 अंश सेल्सिअसला जातं, आणि पोलादाची आतली रचना बदलते तीही याच सुमाराला. म्हणजे चुंबक हाच तुमचा तापमापक. लाली आणखी थोडी चढू द्यायची आणि सळी पाण्यात बुडवायची. विरघळलेला कार्बन बाहेर पडायच्या आत अडकतो, अणूंची जाळी ताणलेली राहते, आणि पोलाद काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं. ठिसूळपणा घालवायला ते घासून चकचकीत करून पुन्हा हलकं तापवायचं. साधारण 230 अंशांना फिकट पिवळा, 255 ला तपकिरी, 300 ला निळा रंग चढतो. हे रंग ऑक्साइडच्या पातळ थरात प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटतात. धातू कापणाऱ्या हत्याराला पिवळ्यावरच थांबवा.

इंजिनातही आकड्यापेक्षा जोड महत्त्वाची. पिस्टन 12 मिमीचा झाला की 12.03 चा, याने काही अडत नाही. तो त्याच्या सिलिंडरमध्ये नीट सरकला पाहिजे. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश आहे. मे महिन्यात ठाण्यात 35 अंश असताना 100 मिमी पितळ त्याच लांबीच्या पोलादापेक्षा सुमारे 11 मायक्रॉन जास्त वाढलेलं असतं, म्हणजे मायक्रोमीटरवरची एक रेघ.

1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारं इंजिन एक-दशांश आकारात करावं, असं कोणाच्याही मनात येईल. पण बॉयलरचा पृष्ठभाग शंभरावा भाग होतो आणि आतलं पाणी हजारावा. पाण्याच्या मानाने उष्णता दहापट वेगाने निसटते, म्हणून बॉयलरभोवती उष्णतारोधक वेष्टण लागतंच. नुसतं कथलाचं डाग काम इथे चालणार नाही, सांधे चांदीच्या डागाचेच हवेत. बॉयलरची चाचणी गार पाण्याने, कामाच्या दुप्पट दाबाला घ्या, हवेने कधीच नको. पाणी जवळपास दबत नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही आणि सांधा सुटला तर नुसती चिळकांडी उडते. दाबलेल्या हवेचा मात्र स्फोट होतो.

पहिलं इंजिन डोलणाऱ्या सिलिंडरचं करा. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही, सिलिंडर डोलताना स्वतःच भोकं उघडतो आणि मिटतो. सायकलच्या पंपानेही ते फिरतं.

यानंतर लेथ घ्या, जुनंही चालेल. घेण्याआधी चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) जाडसर सळी पकडा, दुसरं टोक मोकळं ठेवा. सळीवर 100 मिमी अंतरावर दोन पट्टे, हत्याराला हात न लावता, अगदी हलक्या कापाने एकाच फेरीत कातून घ्या. दोन्हींचे व्यास सारखे आले तर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) बेडला (लेथच्या लांब पायाला) समांतर आहे. 0.02 मिमी फरक निघाला तर तिरकेपणा 0.01 चा, गुण्याच्या रेघांसारखा इथेही दुप्पट होऊन दिसलेला. एवढ्याने सौदा मोडू नका. बेडला पीळ बसल्यानेही हे होतं, आणि तो लेथच्या पायांखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारून काढता येतो.