दर १८८ बाइटांनी एक ४७

भाच्याचा न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन आला. "मामा, टीव्ही रेकॉर्ड करायला घरचा सर्व्हर बांधतोय. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" अमेरिकेत खिडकीत अँटेना लावला की मोठी चॅनेल्स आजही हवेतून फुकट दिसतात. ती साठवून सवडीने बघायची, असा त्याचा बेत. मी म्हटलं, "अरे, रेकॉर्ड करताना तुझा कॉम्प्युटर चित्राकडे ढुंकूनही बघत नाही!"

आपल्या डोक्यात अजून व्हीसीआर बसलाय. पण २००९च्या जूनमध्ये तिथली मोठी केंद्रं डिजिटल झाली, आणि चित्र दाबून लहान करण्याचं काम केंद्रातच होऊ लागलं. ६ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट माहिती येते. ती तशीच डिस्कवर उतरवली की झालं रेकॉर्डिंग. अख्खा पट्टा तासभर उतरवला तर साधारण ८.७ जीबी.

गंमत पुढे आहे. ही माहिती १८८ बाइटांच्या पाकिटांतून येते, सेकंदाला जवळजवळ १२,९०० पाकिटं. प्रत्येकाचा पहिला बाइट सोळांकी (हेक्स) पद्धतीत ४७. भाच्याने पाठवलेली फाइल मी एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली. ४७, मग १८७ बाइट काहीबाही, पुन्हा ४७. पुढे १३ बिटांचा क्रमांक, म्हणजे ० ते ८१९१. शून्य क्रमांकाच्या पाकिटात कार्यक्रमांची यादी असते. यादी दुसऱ्या तक्त्याचा क्रमांक सांगते, आणि तो तक्ता सांगतो की ७.१ या चॅनेलचं चित्र अमुक क्रमांकावर, आवाज तमुक. ७.२ची पाकिटं त्याच प्रवाहात मिसळलेली. सॉफ्टवेअरने फक्त पोस्टमनसारखी वर्गवारी करायची. हे काम रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटरसुद्धा हसत करतो.

म्हणूनच टीव्हीहेडएंड आणि मिथटीव्ही ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं मला आवडतात. एकाच ट्यूनरवर, म्हणजे अँटेनाकडून एक पट्टा पकडणाऱ्या उपकरणावर, ७.१ आणि ७.२ दोन्ही एकदम रेकॉर्ड करतात, कारण पट्टा तोच. प्लेक्स दिसायला देखणं, पण रेकॉर्डिंगसाठी पैसे भरावे लागतात. जेलिफिन फुकट, मात्र यूएसबी ट्यूनरशी ते थेट बोलत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग टीव्हीहेडएंडकडे, बघणं जेलिफिनकडे, अशी जोडी मी सुचवली. ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न येतो तो मोबाइलवर बघताना, एमपेग-२ या जुन्या पद्धतीने दाबलेल्या चित्राचं रूपांतर करायला. एटीएससी ३.० या तिथल्या नव्या प्रक्षेपण-पद्धतीत काही चॅनेल्स कुलूपबंद आहेत, तिथे या मोकळ्या सॉफ्टवेअरचं काही चालत नाही.

जाता जाता: "फोर-के अँटेना" नावाने जे विकतात, ती शुद्ध जाहिरातबाजी. अँटेना म्हणजे धातूची काडी. तिला लहरीची लांबी कळते, चित्राची नाही.

महिन्याभराने भाच्याची तक्रार आली, रेकॉर्डिंगमध्ये चित्राचे चौकोन होतात, सॉफ्टवेअर बदलू का? पाकिटात ० ते १५ मोजणारा चार बिटांचा एक आकडाही असतो. ९ नंतर १० यायच्या ऐवजी १२ आला, की मधली दोन वाटेत हरवली. टीव्हीहेडएंड या चुका मोजून दाखवतं. भाच्याला म्हटलं, तो चुकांचा आकडा वाच. शेकड्यांत होता. अँटेना टीव्हीमागून काढून काचेला चिकटवला, आणि आकडा शून्यावर थांबला.