कर्करुग्ण साहाय्यकार्य, सोलापूर

कर्करोगाचे निदान झालेल्या व्यक्तीला आणि तिच्या कुटुंबाला प्रत्यक्ष वैद्यकीय उपचारांखेरीज जी मदत लागते, ती पुरवणारे धर्मादाय कार्य. कागदपत्रे जुळवून देणे, प्रवास व मुक्कामाची सोय, आहार, मानसिक आधार, घरी जाऊन शुश्रूषा आणि लवकर निदानासाठी वस्त्यांमध्ये तपासणी ही त्याची मुख्य अंगे होत. असे काम करणाऱ्या संस्था साधारणपणे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या असतात. त्यांचे खरे बळ मात्र स्वयंसेवकांत असते.

सोलापूर जिल्ह्यातील या कार्याचा पाया बार्शीने घातला. तेथे अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या संस्थेतर्फे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय चालवले जाते. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांसाठी सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवण्याची व्यवस्था होय. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णांची माहिती घेण्यासाठी गावोगाव जात आणि त्याच वेळी अंगावरून जाणे, पाळीखेरीज रक्तस्राव होणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत, हे बायकांना समजावून सांगत. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. आकडे जुळवण्यासाठी दारोदार फिरणाऱ्या माणसांनी जीव वाचवले, ही गोष्ट येथे आवर्जून सांगण्यासारखी आहे.

सोलापूर शहराचे प्रश्न काहीसे निराळे आहेत. पूर्व भागातील तेलुगूभाषक वस्त्यांत आणि कुंभारी परिसरातील विडी घरकुलात हजारो स्त्रिया विड्या वळतात, तर पुरुषांपैकी अनेक जण यंत्रमागावर राबतात. तंबाखू, मावा आणि मिश्री यांची सवय या श्रमिक वस्त्यांत खोलवर मुरलेली असल्याने तोंडाच्या कर्करोगाची तपासणी हा शहरातील कामाचा कणा ठरतो. न भरणारा व्रण, गालातील पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही लक्षणे स्वयंसेविका ओळखायला शिकतात आणि संशय येताच त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे घेऊन जातात. समजावणाऱ्याला मराठीबरोबर तेलुगू व कन्नडही यावे लागते, कारण आजाराची भीती माणूस आपल्या घरच्या भाषेतच बोलून दाखवतो.

निदानानंतर सर्वांत मोठा धोका असतो तो उपचार अर्धवट सुटण्याचा. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन, म्हणजे रुग्णांच्या बोलीतला ‘शेक’, बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे घ्यावा लागतो. विड्यांची मजुरी हजारामागे मिळते. हात थांबला की पैसाही थांबतो, आणि सोबतीला येणाऱ्या माणसाचाही रोज बुडतो. उपचार मोफत असूनही दोन आठवड्यांत घरी परतलेला रुग्ण दिसतो तो यामुळे. त्या काळात घरात शिधा पोहोचवणे, मुलांची फी भरणे किंवा सोबतीला माणूस देणे ही मदत औषधाइतकीच मोलाची असते.

उपचारखर्चासाठी शासकीय योजनांचा आधार मिळतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, कसे जायचे, हे कार्यकर्ते सोबत राहून दाखवतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. हा हक्क पुष्कळांना माहीतच नसतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणारे रुग्ण बहुधा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के भाडेसवलत आहे. मुंबईतील मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आसरा ठरते.

आहाराचा सल्ला देताना छापील तक्त्याचा फारसा उपयोग होत नाही. शेकाने तोंड सोललेल्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडावी लागते, आणि सोलापूरकराला ते फार जड जाते. अशा वेळी ज्वारीची पातळ आंबील, पातळ वरण-भात, दूध, कुस्करलेले केळे असे घरात होणारे पदार्थ सुचवले जातात. नाकावाटे अन्नाची नळी घातलेली असेल, तर ती स्वच्छ कशी ठेवायची हे घरातल्या बाईला हाताने करून दाखवतात.

रोग बरा होण्यापलीकडे गेल्यावर वेदनाशमन हेच मुख्य काम उरते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचे औषध मिळण्याची वाट सोपी झाली. तरीही ‘मॉर्फिनची सवय लागेल’ या भीतीने नातेवाईक गोळी देण्यास कचरतात. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी ती गोळी दिली जावी, यासाठी परिचारिका आणि स्वयंसेविका त्या घरी पुन्हा पुन्हा जातात, जखम धुतात, कूस बदलून देतात आणि रात्र-रात्र जागलेल्या सुनेला किंवा मुलीला तासभर झोपू देतात.