समुद्राने वेढलेले शिवार

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिमेला कोना नावाचा डोंगरउताराचा प्रदेश आहे. तेथील एखाद्या कुरणात गुडघे टेकून बसावे आणि किकुयू गवताची दाट जाळी बोटांनी बाजूला सारावी, तर बुंध्याशी, अगदी मातीलगत, साबणाच्या फेसासारखा पांढरा पुंजका दिसतो. कोणी नुकतेच थुंकून गेले असावे असेच वाटते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटांवर झुडपांच्या काटक्यांना लगडलेला असा फेस आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेला असतो, कारण या किड्यांचे कुळ जगभर पसरलेले आहे. फेसाच्या आत बसलेले पिल्लू गवताचा रस ओढत असते आणि अंगातून बाहेर टाकलेल्या जादा पाण्यात हवा घुसळून स्वतःभोवती हे ओले पांघरूण तयार करते. प्रौढ किडा काळा असतो व त्याच्या पाठीवर दोन नारिंगी पट्टे असतात. त्याची लाळ गवताला विषासारखी बाधते, त्यामुळे पाते आधी पिवळे, मग तपकिरी पडते आणि मरते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, आग्नेयेकडील राज्यांत राहणारा हा किडा कोनात प्रथम 2016 मध्ये आढळला आणि काही वर्षांतच लाखाहून अधिक एकर कुरणांत पसरला. गवत मेले की मोकळ्या झालेल्या जागेत काटेरी ब्लॅकबेरी आणि गुरे तोंड लावत नाहीत असे तण उगवते.

या किड्याविषयी लिहायचे तर कीटकशास्त्र पुरेसे आहे. ज्याचे गवत मेले त्या पशुपालकाच्या उडालेल्या झोपेविषयी लिहायचे, तर मात्र कीटकशास्त्राला शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि जहाजाच्या भाड्याचा हिशेब जोडावा लागतो. बेटावरील शेतकऱ्याच्या स्वास्थ्याचा प्रश्न असा सगळीकडून एकमेकांत गुंतलेला आहे, आणि तो सोडवू पाहणाऱ्यांनी यातला एकच धागा ओढला की बाकीची गाठ आणखी घट्ट बसते.

हवाईत गुरे आली ती 1793 मध्ये. जॉर्ज व्हँकूव्हर या ब्रिटिश दर्यावर्द्याने पहिल्या कामेहामेहा राजाला ती भेट दिली आणि राजाने त्यांना मारण्यास बंदी घातली. बंदीच्या काळात गुरे इतकी वाढली आणि रानटी झाली की ती आवरण्यासाठी 1830च्या दशकात मेक्सिकन गुराखी बोलवावे लागले. हे लोक स्पॅनिश बोलत, म्हणून ‘एस्पान्योल’ या शब्दावरून स्थानिक गुराख्यांना ‘पानिओलो’ हे नाव पडले. घोड्यावरून गुरे वळणारा पानिओलो अमेरिकी चित्रपटांतील काउबॉयपेक्षा वयाने मोठा आहे, हे हवाईतील लोक पाहुण्याला आवर्जून सांगतात. वाइमेआ येथील प्रसिद्ध पार्कर रँच 1847 पासूनची आहे.

इतका जुना हा व्यवसाय, पण त्याचा आजचा हिशेब पाहिला तर मती गुंग होते. हवाईत गुरांना पुष्ट करण्यासाठी लागणारे धान्य पिकत नाही आणि ते बाहेरून आणणे परवडत नाही. त्यामुळे पशुपालक गायी सांभाळतो, आणि दूध तुटलेली बहुतेक वासरे सुमारे 3,800 किलोमीटर समुद्र ओलांडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवतो. ही वासरे ज्या खास कंटेनरांतून जहाजावर चढतात त्यांना तेथे गमतीने ‘काउटेनर’ म्हणतात. वासराचा भाव समुद्रापलीकडे ठरतो, भाडे मात्र इकडच्याने भरायचे. त्यातच 1920 च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकेतच बांधलेले असावे लागते, आणि अशी जहाजे थोडी व महाग आहेत. दुसऱ्या बाजूला, हवाईत खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी 85 ते 90 टक्के अन्न बाहेरून येते. म्हणजे वासरे त्या बाजूला जातात आणि मांसाची खोकी या बाजूला येतात. हा प्रकार बेटावरच्या प्रत्येकाला विचित्र वाटतो, पण एकट्यादुकट्या पशुपालकाला तो बदलता येत नाही.

‘बदलता येत नाही’ हे तीन शब्द ताणाच्या विज्ञानात फार महत्त्वाचे आहेत. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने 1979 मध्ये असे मांडले की माणसाला आजारी पाडतो तो केवळ कामाचा बोजा नव्हे. बोजा जड असून निर्णयाची मोकळीक नसणे, हा जोड घातक असतो. कॅरासेक यांचा अभ्यास नोकरदारांचा होता, आणि शेतकरी तर स्वतःचा मालक, मग त्याला हे कसे लागू व्हावे, अशी शंका येईल. पण वरचा हिशेब पुन्हा पाहावा. भाव, भाडे, पाऊस, कीड आणि जमिनीचा पट्टा यांपैकी एकही गोष्ट त्या मालकाच्या हातात नाही. हवाईत जमीन इतकी महाग आहे की पुष्कळ शेतकरी ती भाडेपट्ट्याने कसतात, आणि पट्टा संपत आला की झाडे लावावीत की नाही हेही ठरवता येत नाही.

अशा स्थितीत शरीरात काय घडते ते आता बऱ्यापैकी कळले आहे. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून निघालेला संदेश मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. साखर वाढते, रक्तदाब चढतो, लक्ष एकवटते. बैल अंगावर आला तर हेच हवे असते, आणि धोका टळला की सगळे पूर्ववत होते. पण गवत मरत असताना धोका टळत नाही, तो महिनोन् महिने कुरणात पडून राहतो. ब्रूस मॅकइव्हन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये अशा सततच्या ताणाने होणाऱ्या झिजेविषयी लिहिले, आणि तिला आज ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हणतात. झोप उथळ होते, रक्तदाब चढाच राहतो, जखमा उशिरा भरतात, विसराळूपणा वाढतो, आणि थकलेला माणूस यंत्राशी किंवा जनावराशी काम करताना चुका करू लागतो. मग एखादा अपघात होतो, त्याचा खर्च पुन्हा कर्जात जातो आणि चक्र आणखी जोराने फिरते.

बेटांवर या ताणात आणखी एक भर पडते, ती नवागत जिवांची. लाखो वर्षे एकाकी राहिलेल्या भूमीवर बाहेरून आलेल्या जिवाला शत्रू नसतो, आणि हवाईचा इतिहास अशा पाहुण्यांनी भरलेला आहे. त्यांतले दोन तर आपलेच आहेत. उसाच्या मळ्यांतील उंदीर संपवण्यासाठी 1883 मध्ये हवाईत मुंगूस आणले गेले. ते जमैकाहून आले, आणि जमैकात त्यांचे पूर्वज 1872 मध्ये कोलकात्याहून गेले होते. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, ही साधी गोष्ट मळेवाल्यांच्या ध्यानात आली नाही. उंदीर राहिले, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली. दुसरा पाहुणा चितळ. 1860च्या दशकात हाँगकाँगहून राजाला भेट म्हणून आलेली ही भारतीय वंशाची हरणे प्रथम मोलोकाई बेटावर सोडली गेली आणि पुढे माउईवरही पोहोचली. ताडोब्यात वाघ आणि रानकुत्रे चितळांची संख्या आवाक्यात ठेवतात, माउईवर ते काम करणारे कोणी नाही. दुष्काळात गुरांसाठी राखलेले गवत रातोरात चितळांच्या कळपाने खाऊन टाकले, म्हणजे पशुपालकाने वर्षभर केलेला चराईचा आराखडा वाया जातो, आणि त्यांना अडवणाऱ्या उंच कुंपणाचा खर्च लहान माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

कॉफीवाल्यांचे दुखणे वेगळे नाही. कोनातील कॉफीचे मळे बहुधा काही एकरांचेच, उतारावरचे आणि हाताने तोडणीचे. कॉफीच्या फळात भोक पाडणारा बोंडभुंगेरा तेथे 2010 मध्ये सापडला. त्याच्यावर बव्हेरिया नावाची बुरशी फवारून शेतकरी जेमतेम सावरले, तोच ऑक्टोबर 2020 मध्ये माउईवर कॉफीचा तांबेरा आढळला आणि लवकरच कोनातही पोहोचला. हा तोच रोग, ज्याने 1869 नंतर श्रीलंकेतील कॉफी संपवून त्या देशाला चहाकडे वळवले. पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला हळदीची चिमूट सांडल्यासारखी नारिंगी भुकटी दिसते, बोटाला लागते आणि वाऱ्याने शेजारच्या मळ्यात जाते. येथे शेजाऱ्याचा प्रश्न येतो. आपण कितीही काळजी घेतली, तरी बाजूचा मळा कोणी शहरात राहणाऱ्या मालकाने पडीक टाकलेला असेल तर कीड तेथूनच येत राहते. मोकळीक नसणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

पडीक जमिनीचे दुसरे रूप माउईने पाहिले. हवाईतील शेवटच्या ऊस कंपनीने माउईवरील अखेरची तोडणी डिसेंबर 2016 मध्ये केली. तेथे आणि इतर बेटांवर मळे बंद पडत गेले, तसतशा जमिनी बाहेरून आलेल्या उंच गवतांनी व्यापल्या. 8 ऑगस्ट 2023 रोजी लाहाइना शहर जळाले त्या दिवशी वाऱ्याने भडकलेल्या आगीला अशाच वाळलेल्या गवताने वाट करून दिली. चरणारी गुरे हे गवत कमी ठेवतात, म्हणजे पशुपालक अग्निशमनाचे काम करतो, पण त्याच्या वासराच्या भावात त्या कामाची किंमत धरलेली नसते.

मग मदत कशी करावी? सर्वांत सरळ वाटणारे उत्तर समुपदेशनाचे आहे, आणि ते लागतेच. पण हवाईत मानसोपचाराच्या सोयी बव्हंशी ओआहू बेटावर एकवटलेल्या आहेत, आणि बाकीच्या बेटांवरून तेथे जायचे तर विमानाने जावे लागते. हवाईच्या 1974 च्या कायद्याने आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या नोकरदारांना आरोग्य विमा देणे मालकांवर बंधनकारक केले, पण स्वतःचे शेत स्वतः कसणारा त्यात बसत नाही. याशिवाय शेतीची ओळख नसलेला समुपदेशक आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगतो, तेव्हा विण्याला आलेल्या गायी सांभाळणारा माणूस पुन्हा त्याच्याकडे जात नाही.

अमेरिकेच्या 2018 च्या कृषी कायद्यानंतर शेतकऱ्यांच्या ताणावरील मदतीसाठी संघराज्याचा निधी उपलब्ध झाला. हवाई विद्यापीठाच्या मानोआ येथील उष्णकटिबंधीय कृषी महाविद्यालयाने ‘सीड्स ऑफ वेलबीइंग’, म्हणजे स्वास्थ्याची बियाणी, या प्रकल्पात वेगळी वाट धरली. शेतीतल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी सोबती तयार केले. असा सोबती उपचार करत नाही. खचलेल्या माणसाची लक्षणे ओळखणे, जीव नकोसा झाला आहे का हे न घाबरता थेट विचारणे, ऐकून घेणे आणि योग्य त्या माणसापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार येतो, हा समज संशोधनात टिकलेला नाही. उलट, कोणीतरी विचारले याने बहुतेकांना मोकळे वाटते. तांबेऱ्याची भुकटी स्वतःच्या बोटांना लागलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटे समजावून सांगण्यात घालवावी लागत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

मात्र सोबत्याने ऐकून घेतले तरी भाव आणि पट्टा तेथेच राहतात. म्हणून मला या प्रश्नात सहकारी संस्था समुपदेशन केंद्राइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. कोकणात आणि गोव्यात ज्याला नीरफणस म्हणतात, त्या फळाला हवाईत ‘ऊलू’ म्हणतात. झाड एकदा लागले की दशकानुदशके फळते, पण काढलेले फळ काही दिवसांतच मऊ पडते. एकट्या शेतकऱ्याच्या अंगणात एकदम शंभर फळे पिकली तर निम्मी डुकरांना जातात. 2016 मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी हवाई ऊलू सहकारी संस्था सुरू केली. ती फळे एकत्र करते, वाफवून गोठवते, पीठ करते आणि शाळा व उपाहारगृहांना पुरवते. आज तिच्याशी शंभराहून अधिक शेतकरी जोडलेले आहेत. काढणीच्या आठवड्यात फळ कोण घेणार, ही चिंता शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरते. साखर कारखान्याच्या सभासदाला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

हवाईचे मूळ रहिवासी तर या विषयाकडे पैशापलीकडून पाहतात. त्यांच्या भाषेत जमिनीला ‘आइना’ म्हणतात, म्हणजे जी खाऊ घालते ती. पाटाच्या पाण्यावर खाचरांत वाढणारा ‘कालो’, म्हणजे आपला अळू, त्यांच्या कथेनुसार माणसाचा थोरला भाऊ आहे. आधी जन्मलेले मूल पुरले तेथे अळू उगवला, आणि नंतर जन्मलेले मूल माणसांचा पूर्वज झाले. पाण्याला ‘वाइ’ आणि संपत्तीला ‘वाइवाइ’ म्हणणाऱ्या या लोकांचे ओढे एकोणिसाव्या शतकात उसाकडे वळवले गेले तेव्हा खाचरे सुकली, आणि ते पाणी परत मिळवण्याचे खटले गेल्या काही दशकांपर्यंत चालत आले. काही ओढ्यांत पाणी परत आले आणि खाचरे पुन्हा लागली. चिखलात उतरून काम करणारे तरुण तेथे शेतीबरोबर भाषाही शिकतात. अशा ठिकाणी स्वास्थ्य कोठे संपते आणि उपजीविका कोठे सुरू होते ते दाखवणे कठीण आहे.

कोनातील कुरणांवर आता पशुपालक आणि विद्यापीठाचे विस्तार अधिकारी मिळून फेसाचे पुंजके मोजतात, किड्याला दाद न देणारी गवते लहान तुकड्यांत लावून पाहतात आणि गवताचा जुना थर साचू नये म्हणून गुरे आलटूनपालटून फिरवतात. कॉफीवाल्यांची लढाई कागदावर चालली आहे. 1991 पासूनच्या नियमानुसार पाकिटात दहा टक्के कोना कॉफी असली तरी मिश्रणावर ‘कोना’ हे नाव छापता येत होते, उरलेली नव्वद टक्के कोठूनही आणलेली चाले. शेतकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर 2024 मध्ये कायदा झाला आणि 1 जुलै 2027 पासून हे प्रमाण निदान 51 टक्के असावे असे ठरले.