घरी रायफलची नळी बसवणे : अवजारे, आटे आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द

रायफलची झिजलेली नळी काढून तिच्या जागी नवी नळी घरच्या कामाच्या टेबलावर बसवणे ही अमेरिकेत आता फारशी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तिथले लिखाण वाचून मुंबईतील नेमबाजही आपल्या परवान्याच्या रायफलबाबत हाच प्रश्न विचारू लागतो. नळी पकडायचा शिकंजा, ॲक्शन (रायफलचा काडतूस भरण्याचा व झाडण्याचा मागचा भाग) फिरवायचा पाना आणि गेज (अंतर तपासायचे माप) एवढीच सामग्री लागते असे त्याला दिसते, आणि कुर्ला-साकीनाक्याच्या वर्कशॉपांत आटे पाडणारे कुशल टर्नर या शहराला कधी कमी पडलेले नाहीत. तरीही हे काम इथे घरी करता येत नाही. त्याचे कारण कायद्यात जितके आहे तितकेच नळीच्या इतिहासात आहे, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ते नीट उलगडत नाही.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात नळी बदलण्याचा प्रश्न क्वचितच येत असे, कारण नळी हीच बंदूक होती. मागचे तोंड आट्यांच्या बुचाने बंद केलेले असे आणि कुंदा (दस्ता), घोडा, चाप हे सारे त्या नळीभोवती उभारलेले असे. नळीवरच शस्त्राची लायकी ठरते हे राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते. 1853 च्या एनफिल्ड रायफलच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन सर्पिल खाचा होत्या; 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी त्याच धर्तीवर जी बंदूक काढली गेली, तिची नळी आतून मोठी आणि गुळगुळीत करण्यात आली, म्हणजे बाहेरून शस्त्र जवळजवळ तेच राहिले आणि पल्ला व नेम मात्र हिरावले गेले. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या प्रत्येक कायद्यामागे हीच जाण दिसते.

नळी आणि मागचा भाग स्वतंत्र मानून जोडण्याची पद्धत इंग्रजी लष्करात 1866 पासून मोठ्या प्रमाणावर आली. जुन्या एनफिल्डच्या नळीचा मागचा तुकडा कापून, तिथे आटे पाडून, काडतूस मागून भरता येईल असा नवा भाग त्यावर चढवला गेला. 1888 च्या लष्करी रायफलमधील उथळ, गोलसर खाचा कॉर्डाइट या नव्या दारूच्या उष्णतेने लवकर झिजू लागल्या, म्हणून 1895 मध्ये खोल आणि कडा असलेल्या पाच खाचांची नळी आली. तेव्हापासून नळी हा झिजणारा आणि बदलायचा भाग आहे हे कारखान्यांनी मान्य केले.

बदलायचा भाग झाला तरी तो बसवणे कारागिराचेच काम राहिले. नळीचे आटे पूर्ण आवळले गेले पाहिजेत, त्याच वेळी माशी (नळीच्या तोंडावरची नेम धरायची खूण) बरोबर वर आली पाहिजे, आणि बंद बोल्टचा (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या दांड्याचा) दर्शनी पृष्ठभाग व चेंबरमधील (नळीच्या मागच्या पोकळीतील) काडतूस जिथे टेकते ती जागा यांतील अंतर ठरलेल्या मर्यादेत बसले पाहिजे. या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त झाले तर काडतुसाचे पितळी कवच ताणून फाटते आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणूनच दोन गेज लागतात : एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. आपल्या परिचयाच्या .303 रायफलच्या दुसऱ्या महायुद्धकालीन आवृत्तीत हे अंतर जुळवण्यासाठी बोल्टचे सुटे डोके 0 ते 3 अशा चार मापांत मिळत असे. नळीला हात न लावता हेडस्पेस साधण्याची ती युक्ती होती, पण ती लष्करी शस्त्रकारासाठी होती.

घरी नळी बसवण्याची कल्पना खऱ्या अर्थाने 1950 च्या दशकाअखेर शक्य झाली. 1958 मध्ये एका अमेरिकी कंपनीने स्वस्त बोल्ट रायफल बाजारात आणली, तिच्यात नळीवर वेगळा नट होता. नळी गेज टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळून ती तिथेच पक्की करायची, एवढ्यावर काम भागू लागले. प्रत्येक नळीची खांद्याची (ॲक्शनला टेकणाऱ्या कडेची) जागा लेथवर स्वतंत्रपणे कातण्याची गरज संपली. हा शोध कारखान्याचा खर्च वाचवण्यासाठी होता, हौशी माणसासाठी नव्हता, पण त्याचा लाभ पुढे हौशी माणसानेच अधिक घेतला. त्याच सुमारास आलेल्या एका हलक्या लष्करी रायफलमध्ये बोल्ट रिसीव्हरऐवजी (ॲक्शनच्या मुख्य सांगाड्याऐवजी) नळीच्याच मागच्या जोडभागात अडकत असल्याने हेडस्पेस बहुतांशी कारखान्यातच ठरून येऊ लागले.

तंत्र असे सोपे होत असताना कायद्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय कायद्याने रिसीव्हरला शस्त्र मानले, त्यामुळे साध्या रायफलची सुटी नळी तिथे केंद्रीय कायद्यापुरती सामान्य सुट्या भागासारखी विकली जाते. त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने शस्त्राच्या घटक भागांनाही प्रमाणपत्राखाली ठेवले, आणि नळी त्यातच मोडते. इंग्रजीतून येणारे बहुतेक मार्गदर्शन पहिल्या व्यवस्थेतले असते, आपला कायदा दुसरीच्या जवळ आहे, आणि घोटाळा नेमका इथे होतो.

आपल्याकडे 1878 च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या संज्ञेत शस्त्रांचे भागही होतेच, मात्र परवाना मागणारे कलम निर्मिती, रूपांतर आणि विक्री यांविषयी होते. 1959 चा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला, तेव्हा त्याच्या पाचव्या कलमात रूपांतराच्या शेजारी दुरुस्ती, चाचणी आणि प्रूफ (जादा दाबाने झाडून घेतलेली ताकदीची परीक्षा) हे शब्द बसले. स्वतंत्र भारताचा कायदा वसाहती कायद्यापेक्षा सैल असेल अशी अपेक्षा धरणाऱ्याला हा विस्तार खटकतो, आणि मलाही तो खटकतो. ‘दुरुस्ती’ म्हणजे काय याची व्याख्या व्याख्यांच्या कलमात नाही. मुंबईच्या पावसाळ्यात नळीला गंज चढू नये म्हणून गज घालून तेल फिरवणे ही निगा आहे, हे कोणीही मान्य करील. तुटलेला कुंदा बदलणे ही दुरुस्ती, हेही समजते. पण त्याच मापाची नवी नळी चढवणे ही दुरुस्ती, रूपांतर की निर्मिती, यावर शस्त्रविक्रेते, वकील आणि नेमबाज एकमत होत नाहीत.

स्वतःच्या शस्त्राची दुरुस्ती या कलमात येत नाही, कलम व्यापाऱ्यासाठी आहे, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. मला तो टिकणारा वाटत नाही. याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, खासगी वापरासाठी कायदेशीर बाळगलेले शस्त्र त्याच्या मालकाला विक्रीचा परवाना नसतानाही अटींवर विकता येते अशी सवलत स्पष्ट दिली आहे. मालकाला विक्रीत सवलत देताना दुरुस्तीत ती दिलेली नाही, यावरून संसदेचा हेतू पुरेसा कळतो. दुसरा आधार पंचेचाळिसाव्या कलमातील ‘गौण भाग’ या शब्दांचा घेतला जातो. एकटे काडतूस गौण भाग ठरते का, हा वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेला आहे. पण जी सवलत आहे ती पूरक भागांसह वापरायचा हेतू नसलेल्या गौण भागांपुरती आहे, आणि रायफलवर बसवण्यासाठीच आणलेली नळी तिच्यात कशी बसवायची, याचे उत्तर कोणी देत नाही. 2019 मध्ये कायद्यात झालेल्या बदलानंतर पाचव्या कलमाच्या भंगाला किमान 7 वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे; नळी आखूड करण्यावर मुळात बंदी होतीच, आता शस्त्र नियमांतील एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शस्त्र बदलण्यावरही आहे. म्हणजे वेगळ्या मापाची नळी चढवून वर्ग बदलला, तर शब्दच्छल करायलाही जागा उरत नाही.

एक खुली जागा आहे ती एअर रायफलची. 2016 च्या शस्त्र नियमांनी 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्रांना परवान्याखाली आणले आणि त्याखालची मोकळी ठेवली. 10 मीटर स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप खाली असते. तिथे स्फोटक दाब नसतो, त्यामुळे बऱ्याच जातींत नळी बारीक स्क्रूंनी किंवा पिनांनी धरलेली असते. शिकाऊ मुले प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ती काढून पुसून परत बसवतात, आणि शिकत्या हातांना काटकोन, सरळ रेषा व घट्टपणा यांची जाण तिथेच येते. मात्र त्याच रायफलवर 5.5 मिलिमीटरची नळी चढवली की ती त्या क्षणी परवान्याच्या यादीत जाते, आणि हा एक मिलिमीटरचा फरक सुट्या भागांच्या जाहिरातींत सहसा सांगितलेला नसतो.